लोकलच्या प्रवासात गाणे ऐकण्यासाठी चार हजारांच्या आत कोणता हेडफोन घ्यावा?

रसिक बदलापूरकर

नमस्कार. पिशवीत सहज मावणारा आणि खिशाला परवडणारा हेडफोन मला घ्यायचा आहे. यापूर्वी एकदा फसलो असल्यामुळे या वेळी आधी विचारून मगच पैसे खर्च करायचे असे ठरवले आहे. मी बदलापूरला राहतो आणि नोकरी फोर्टात असल्याने जाऊन-येऊन जवळजवळ तीन तास लोकलमध्ये असतो. सकाळी बसायला मिळते, संध्याकाळी मात्र कल्याणपर्यंत उभाच असतो. या वेळात मी बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो, आणि त्यातही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणे बरीच आहेत.

फसगत झाली ती अशी. फोनबरोबर मिळालेल्या इयरफोनचा एक कान बंद पडला, म्हणून स्टेशनाजवळच्या एका दुकानातून हजार रुपयांचा ब्लूटूथ हेडफोन घेतला. त्याच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘डीप बास’ असे छापले होते. दुकानदाराने एक नाचाचे गाणे लावून दाखवले आणि ते मला खरोखरच आवडले. घरी येऊन ख्याल लावला तेव्हा डग्गा असा काही घुमू लागला की गायक मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरला की दिसेनासाच व्हायचा. तरीही तो आठ महिने वापरला. मग पावसाळ्यात गाद्यांवरचे रेक्झीन सुटू लागले आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत कानशिलावर काळे कपटे चिकटलेले असत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा हळूच रुमाल पुढे केला, त्या दिवसापासून तो कपाटात पडून आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. मला चष्मा आहे. कानाच्या आत बसणाऱ्या इयरफोनने खाज सुटते, म्हणून कानावर बसणारा हवा आहे. माझ्या फोनला जुनी गोल पिन लागत नाही. वायरचा घ्यावा की ब्लूटूथचा, आणि खोक्यावरच्या ४० मिमी, ३२ ओहम वगैरे आकड्यांना कितपत महत्त्व द्यावे, हे कोणी सांगितले तर आभारी राहीन.

कानसेन

बदलापूरकर, तुम्ही लोकलचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

कानावर बसणाऱ्या हेडफोनचे दोन प्रकार असतात. एकात ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, मागची बाजू मोकळी असते, दुसऱ्यात ती बंद असते. मोकळ्या प्रकारात कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा १९८४ पासून आजपर्यंत निघत असलेला हेडफोन आहे. तो घडी होऊन मुठीत मावतो, वजनाला अगदी हलका आहे, त्याच्या गाद्या साध्या स्पंजाच्या असल्याने रेक्झीन सुटण्याचा प्रश्न येत नाही, आणि आवाज कोंडल्यासारखा न वाटता खोलीत मोकळा पसरल्यासारखा वाटतो. मी स्वतः घरी तोच वापरतो. तुम्हाला मात्र तो सुचवणार नाही, कारण मोकळ्या पाठीतून लोकलचा सगळा खडखडाट आत येतो, त्यावर मात करण्यासाठी तुम्ही आवाज वाढवत नेता, आणि शेजाऱ्याला तुमचा यमन फुकटात ऐकायला मिळतो. तुमच्या वापरासाठी बंद पाठीचाच हवा.

आता आकड्यांविषयी. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असते. त्या पट्ट्यात कोणता सूर किती कमी-जास्त वाजतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. ड्रायव्हर ३० मिमीचा आहे की ४० मिमीचा यावरूनही गोडवा ठरत नाही. इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अवरोध, १६ पासून ६० ओहमपर्यंत असला, तरी असे लहान हेडफोन फोनवर पुरेसे मोठे वाजतात, तेव्हा तोही विचार सोडून द्या.

‘डीप बास’चा तुम्हाला आलेला अनुभव मात्र जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज, म्हणजे ‘सा’, सुमारे १३८ हर्ट्झवर असतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा तिथेच लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजेच गायकाचे मंद्र सप्तक या दोन आकड्यांच्या मध्ये आले. बास वाढवलेल्या हेडफोनमध्ये साधारण २०० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग फुगवलेला असतो, आणि डग्ग्याचा घुमाराही त्याच भागात राहतो. शिवाय आपल्या कानाची एक खोड अशी की खालचा मोठा आवाज वरच्या आवाजांना झाकून टाकतो, पण वरचा आवाज खालच्याला तितकासा झाकत नाही. त्यामुळे डग्ग्यावर घिस्सा, म्हणजे तळव्याचा घसरता दाब, पडला की त्याखाली मंद्रातला आलाप तर जातोच, वर शब्दोच्चारही पुसट होतात. नाचाच्या गाण्यात हाच फुगीरपणा हवाहवासा वाटतो, म्हणून दुकानदाराने तेच गाणे लावले.

त्यामुळे दुकानात जाताना स्वतःचे गाणे फोनमध्ये उतरवून न्या. आधी ख्यालाच्या सुरुवातीचा नुसता तानपुरा वीस-तीस सेकंद ऐका. जवारीतून, म्हणजे तारांच्या झणकारातून, निघणारी बारीक सुरांची झालर वेगळी ऐकू आली पाहिजे. नुसती गुणगुण ऐकू आली तर तो हेडफोन खाली ठेवा. मग तबला सुरू झाल्यावर चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, ‘ना’ आणि डग्गा वेगवेगळे कळतात का ते पाहा, आणि शेवटी तार षड्जावर आवाज टोचतो का ते पाहा. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला, असे आपल्याला हमखास वाटते.

नावेच हवी असतील तर वायरमध्ये सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० आहे. तो बंद पाठीचा आहे, सपाट घडी होतो आणि साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. ब्लूटूथमध्ये त्याच कंपनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० पाहा. तो १४७ ग्रॅमचा आहे, एका चार्जिंगमध्ये ५० तास चालतो असे कंपनी सांगते, आणि ॲपमधून त्याचा बास खाली आणता येतो. किंमत चार हजारांच्या आगेमागे असते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. घरी ऐकायला तो चांगला आहे, पण त्याला तीन मीटर लांबीची वायर आहे आणि ती संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये सांभाळणार कोण?

चष्मेवाला

कानसेन यांनी चष्म्याचा विषय सोडून दिला, म्हणून लिहितो. कानावर बसणारा हेडफोन कानाची पाळी चष्म्याच्या काडीवर दाबतो. पहिली दहा मिनिटे काहीच जाणवत नाही. अर्ध्या तासानंतर कानामागे ठणका लागतो. म्हणून दुकानात दोन मिनिटे लावून निर्णय घेऊ नका. निदान वीस मिनिटे घालून उभे राहा, दुकानदार कितीही कंटाळला तरी. जाड प्लास्टिकच्या काड्यांपेक्षा बारीक धातूच्या काड्यांना त्रास पुष्कळच कमी होतो. नवा हेडफोन घट्ट वाटला, तर त्याच्या रुंदीपेक्षा किंचित मोठा पुस्तकांचा गठ्ठा करून त्यावर तो दोन-तीन रात्री चढवून ठेवावा, म्हणजे पट्टी थोडी सैलावते. फार ताणू नये, कारण गादी कानापासून सुटली की बंद पाठीचा उपयोगच संपतो.

तपकीर गल्ली

मी वायरच्या बाजूने बोलणार आहे. माझे मत असे की चार हजारांच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये तुम्ही बॅटरी, रेडिओ, मायक्रोफोन आणि बटणे या सगळ्यांचे पैसे देता, आणि वायरच्या हेडफोनमध्ये तीच रक्कम फक्त आवाजासाठी लागते. शिवाय दोन-तीन वर्षांत बॅटरी थकली की ती बदलून देणारा सहसा सापडत नाही. वायर तुटते हे खरे, पण ती जवळजवळ नेहमी पिनपाशीच तुटते, आणि चाळीस रुपयांच्या नव्या पिनेत ती अर्ध्या तासात जोडता येते. आतल्या केसासारख्या तारांवर लाखेसारखे रंगीत लेपन असते. बहुधा लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची सामायिक. ते लेपन जाळल्याशिवाय सोल्डरचा टाका धरत नाही. घरी केलेली जोडणी लागत नाही म्हणून लोक वैतागतात, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

तुमच्या फोनला गोल पिन नसल्यामुळे यूएसबी-सीमधून जोडणारा तुकडा लागेल, आणि तिथे एक मेख आहे. बाजारात दिसायला अगदी सारखे असे दोन प्रकार मिळतात. एकात डॅक, म्हणजे आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी चिप असते. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि तो फक्त अशाच फोनवर चालतो, जे यूएसबीच्या छिद्रातून थेट आवाज बाहेर देतात. तुमचा फोन तसा नसेल आणि दुसऱ्या प्रकारचा घेतलात तर फोनवर काहीच वाजणार नाही आणि तुम्ही हेडफोनला दोष द्याल. मी स्वतः असे दोन तुकडे फेकून दिले आहेत. खोक्यावर ‘डॅक’ असल्याचे स्पष्ट लिहिलेलाच घ्या. पाचशे ते हजार रुपयांत बरा मिळतो.

ब्लूटूथच घ्यायचा ठरला तर पक्के बिल घ्या. अशा हेडफोनला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. नामांकित कंपनीच्या खोक्यावर तो क्रमांक नसेल आणि आयातदाराचे नाव-पत्ताही नसेल, तर माल नकली आहे असे समजून दुकानातून बाहेर पडावे.

मध्यलय

मला वरच्या सर्वांशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. लोकलमध्ये कानावर बसणारा हेडफोन, मग तो बंद पाठीचा असला तरी, गोंगाट फारसा अडवत नाही. कानात नीट बसलेले सिलिकोनचे बोंडूक त्याहून कितीतरी जास्त अडवते. खाज सुटते असे आपण लिहिले आहे, पण बोंडकाचे माप मोठे असल्यामुळे किंवा ते आठवड्यातून एकदा धुतले जात नसल्यामुळेही खाज सुटू शकते. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे. वायरचे इयरफोन शर्टाला घासले की कानात खरखर होते. ती वायर कानावरून मागे वळवून घेतली की थांबते.

मी हा आग्रह आवाजाच्या पातळीसाठी धरतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास. आपले आठवड्याचे सहा दिवस आणि रोजचे तीन तास धरले तर अठरा तास होतात, तेव्हा आपली मर्यादा ८३ च्या जरा वर येते. गाडीचा गोंगाट अडवला गेला नाही, तर त्याच्यावर गाणे चढवताना ती सहज ओलांडली जाते.

गोंगाट रद्द करणारे हेडफोन हा दुसरा उपाय आहे. ते चाकांचा आणि पंख्यांचा एकसुरी घोंगाट चांगला कमी करतात. डब्यातल्या गप्पा आणि भजनी मंडळाच्या झांजा त्यांना तितक्या आवरत नाहीत. झांजांविषयी माझी तक्रार नाही, हे जाता जाता सांगतो.

आणखी एक गोष्ट. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे घरात कोणी तबला शिकत असेल तर लेहऱ्यासाठी, म्हणजे साथीला सतत फिरणाऱ्या सुरावटीसाठी, तो हेडफोन निरुपयोगी आहे.

कानसेन

मध्यलय, आवाजाच्या पातळीबद्दलचे आपले गणित मला पूर्ण मान्य आहे, परंतु लेहऱ्याबद्दलचे विधान बरोबर नाही. साध्या ब्लूटूथमध्ये सुमारे २०० मिलिसेकंदांचा उशीर होतो हे खरे, आणि मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असल्याने तो उशीर जवळजवळ मात्राभराचा होतो, हेही खरे. पण तबलजी वाजवतो ते कानात पडणाऱ्या लेहऱ्याबरोबर, आणि त्याचा स्वतःचा तबला त्याला थेट ऐकू येतो. फोनमधून लेहरा केव्हा निघाला याच्याशी त्याला काही देणे-घेणे नसते. अडचण येते ती फोनवरच्या पेटीच्या ॲपवर बोटांनी वाजवून तोच आवाज हेडफोनमध्ये ऐकताना. तिथे सूर बोटामागून येतो आणि वाजवणे अशक्य होते. नुसते गाणे ऐकताना उशीर कळतही नाही. एसबीसी, एएसी वगैरे कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींची, चर्चाही या किमतीत सोडून द्यावी. हेडफोनच्या घडणीतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

बदलापूरकर, तुमच्या जुन्या तबकड्यांबद्दल सांगायचे राहिले. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या असत आणि त्यांत अगदी वरचे सूर उतरलेलेच नाहीत. तुम्हाला वरच्या भागात जे ऐकू येते ती जवळजवळ सगळी सुईची खरखर असते. म्हणून बालगंधर्वांची त्या काळातली पदे ऐकताना ईक्वलायझरमधला, म्हणजे सुरांचे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीतला, सर्वांत वरचा पट्टा बिनदिक्कत खाली आणा. आवाज थोडा मऊ होईल, पण हरकती जागच्या जागी राहतील. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो’ चालू केल्यासही फायदा होतो, कारण मुळात हे सगळे मुद्रण मोनोच आहे आणि दोन कानांतली निरनिराळी खरखर एकत्र झाली की काहीशी कमी त्रासदायक वाटते. नवे ख्याल ऐकताना दोन्ही सेटिंग पूर्ववत करायला मात्र विसरू नका.

रसिक बदलापूरकर

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात दोन दुकाने, एक डॉक्टर आणि बरीच गर्दी पार पाडायची होती.

डॉक्टरांनी कानाच्या आतली त्वचा कोरडी असल्याचे सांगितले आणि काही महिने आत काही घालू नये असा सल्ला दिला. त्यामुळे मध्यलय यांची सूचना पटूनही बाजूला ठेवावी लागली. दुकानात तानपुरा लावून ऐकण्याची कल्पना उत्तम ठरली. विक्रेता मुलगा पहिल्यांदा गोंधळला आणि ‘काका, गाणे सुरू कधी होणार?’ असे विचारू लागला. पण दोन हेडफोन बदलल्यावर त्यालाही फरक जाणवला, आणि तिसरा त्याने आपणहून काढून दिला.

झेडएक्स११० आवाजाला मला अधिक सरळ वाटला आणि पैसेही निम्म्याहून कमी लागले असते. तरीही शेवटी मी सीएच५२० घेतला. त्याची दोन कारणे आहेत. वीस मिनिटे घालून उभे राहिल्यावर चष्म्याच्या काडीवर त्याचा दाब कमी वाटला. दुसरे असे की दुकानात जाण्याच्या आदल्याच संध्याकाळी, मित्राकडून आणलेला वायरचा हेडफोन डोंबिवलीला उतरणाऱ्या एका गृहस्थांच्या पिशवीच्या बंदात अडकला आणि फोन माझ्या खिशातून निघून त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेला. फोन परत मिळाला, पण वायरचा विचार तिथेच संपला. तपकीर गल्ली यांनी मला क्षमा करावी. बिल घेतले आहे आणि खोक्यावरचा क्रमांकही ॲपमध्ये तपासला आहे.

ॲपमध्ये बास दोन पायऱ्या खाली आणल्यावर मंद्रातले स्वर मोकळे झाले. गाद्यांवर जुन्या सुती बनियनचे कापड शिवून बायकोने खोळी करून दिल्या आहेत, त्यामुळे घाम रेक्झीनपर्यंत पोहोचत नाही. खोळींमुळे वरचे सूर किंचित मंदावले, परंतु तबकड्यांसाठी ते सोयीचेच झाले.

एक उणीव मात्र राहिली. मध्यलय यांनी सांगितल्याप्रमाणे, दाराजवळ उभे असताना खर्जाची तार काही केल्या ऐकू येत नाही, आणि ती ऐकण्यासाठी आवाज वाढवायचा नाही असे मी ठरवले आहे. म्हणून संध्याकाळी कल्याणपर्यंत नाट्यपदे ऐकतो. विलंबित ख्याल त्यानंतर, बसायला मिळाले आणि दारापासून लांब गेलो की लावतो. अंबरनाथ येईपर्यंत अंतरा सुरू झालेला असतो.

चष्मेवाला

खोळींचे कापड पातळ ठेवा आणि आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून मगच चढवा, नाहीतर पावसाळ्यात ओलसर कापडाने कानाला पुन्हा खाज सुटेल. दोन जोड शिवून घेतलेत तर सोयीचे पडेल.